तिसावा मेंबर

३ ऑगस्ट, शनिवार

ही डायरी बाबांच्या कपाटात सापडली. विमा एजंटाने दिलेली, तीन वर्षांपूर्वीची, कोरी. छापलेले वार जुळत नाहीत म्हणून खोडून लिहितो आहे. मराठीत लिहितो, कारण जबलपुरात घराबाहेर मराठी कोणी वाचत नाही, आणि घरात आई आहे, तिला चष्मा सापडत नाही.

लिहायचं कारण म्हणजे उद्यापासून लीग. रणगड नावाच्या खेळात माझा क्लॅन आहे, एमपी-२० ब्रिगेड. चार वर्षांपूर्वी मीच उभा केला. नाव जबलपूरच्या गाड्यांच्या नंबरावरून, बाहेरच्याला कळत नाही, कळायची गरजही नाही. खेळ असा की प्रत्येकाचा एक गड असतो, आणि रविवारी चार ते सहा समोरच्या क्लॅनच्या गडांवर हल्ले करायचे. माणशी दोन हल्ले. ज्यांचे तारे जास्त ते जिंकले. इतकं सोपं आहे, तरी लोकांना जमत नाही.

लीगला तीस मेंबर लागतात. आमचे एकोणतीस. तिसावा गेल्या आठवड्यात सोडून गेला. का, तर लग्न ठरलं. जणू लग्नात दोन्ही अंगठे लागतात. मी सदतीस वर्षांचा झालो, माझंही दोनदा ठरता ठरता राहिलं, पण मी एकही रविवार चुकवलेला नाही.

शेवटी आईच्या जुन्या फोनवर एक खातं काढलं. नाव ठेवलं डमी३०.

"याला हात लावू नको," आईला सांगितलं. "फक्त चार्जिंगला लावून ठेव."

"नाही लावत बाप्पा." मग जरा वेळाने, "पण हे लोकं काय करून राहिले त्याच्यात?"

"काही नाही. तू सिरियल पाहा."

७ ऑगस्ट

हात लावलाच. शिफ्टमध्ये पाणी प्यायला उठलो तर आई पलंगावर बसून डमी३० चा गड सजवत होती. चष्मा बरोबर सापडला होता. बुरुजासाठी मिळालेले सगळे दगड तिने बागेत घातले. बाग ही या खेळातली निव्वळ शोभेची वस्तू आहे. बाग बांधणारे लोक आणि गुड मॉर्निंगचे फोटो पाठवणारे लोक एकच.

"तुझा गड कुठं आहे?" तिने विचारलं. "माझ्या बाजूला आहे का?"

"बाजूला वगैरे काही नसतं आई. सर्व्हर आहे तो, मोहल्ला नाही."

"मग तू मला दिसत नाही का?"

"यादीत दिसतो. भैरव नावाने."

तिने बोटाने यादी सरकवत सरकवत भैरव शोधला, आणि माझा गड बराच वेळ पाहत बसली. "फार उंच भिंती केल्यास बेटा," म्हणाली. बरोबर आहे. लेव्हल चौदाच्या आहेत. क्लॅनमध्ये दुसऱ्या कोणाच्याच नाहीत.

११ ऑगस्ट, रविवार

जिंकलो, पण आनंद घ्यायची सोय राहिली नाही.

हल्ले संपल्यावर क्लॅनच्या चॅटमध्ये एक संदेश आला. बोलून टाइप केलेला, म्हणून विरामचिन्हं नाहीत. "सगळ्यांना नमस्कार मी शैलजा केतनची आई आप सब लोग बहुत अच्छा खेले".

चार वर्षं मी भैरव होतो. लोक घाबरून असत. मी चॅटमध्ये दोन शब्द लिहिले तर तासभर कोणी बोलत नसे. आता पाच मिनिटांत अठ्ठावीस लोकांनी "नमस्ते आंटी जी" लिहिलं, आणि अंबरीशने, म्हणजे माझ्या उपप्रमुखाने, लिहिलं, "केतन भैया, बढ़िया नाम है।"

आईला म्हणालो, हे काहून केलं. ती म्हणाली, "इतके लोकं घरात आले, नमस्कार तर करावा नं."

१३ ऑगस्ट

माझी नोकरी म्हणजे घरी बसून दिवसभर चॅटवर आणि कॉलवर एका कंपनीच्या ग्राहकांची माफी मागणं. कुणाचा मिक्सर आला नाही, कुणाला दोन्ही डाव्या पायाचे बूट आले. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. दिवसाला दोनशे वेळा. निम्म्या लोकांना वाटतं मी मशीन आहे. आज एकाने विचारलं, तू माणूस आहेस का. मी तयार वाक्यांच्या यादीत शोधलं, त्याला उत्तर नव्हतं. मग त्याचीही माफी मागितली.

२० ऑगस्ट

चॅटचा पार सत्यानाश झाला आहे. पूर्वी तिथे फक्त कामाचं असे. कोण कुठला गड घेणार, कधी, कोणत्या फौजेने. आता भरल्या भेंडीची कृती आहे. हे तेच लोक ज्यांना मी हल्ल्याचा व्हिडिओ पाठवला तर पाहायला वेळ नसतो.

जेवताना आई सांगत होती. अंबरीश रेल्वेत सहायक ड्रायव्हर आहे, इटारसीच्या रनिंग रूममध्ये झोपतो, तिथे खाटेला ढेकूण आहेत. अंजनी हे पुरुषाचं नाव आहे, त्याचं सराफ्यात दागिन्यांना पॉलिश करायचं दुकान आहे. विक्की शहपुऱ्याचा, खतांच्या दुकानात हिशेबनीस, त्याची आई त्याच्याजवळच असते.

"तुला हे माहीत नव्हतं?" तिने विचारलं. "चार वर्षं झाली नं?"

मी म्हणालो, मला प्रत्येकाच्या हल्ल्याची सरासरी पाठ आहे. अंबरीश दोन पूर्णांक एक, अंजनी दोन पूर्णांक चार, विक्की दोन पूर्णांक सहा. यापेक्षा एखाद्या माणसाबद्दल जास्त काय माहीत असू शकतं?

"बरं," म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला. मला नको होता.

२५ ऑगस्ट, रविवार

जिंकलो. आईचा पहिला हल्ला वाया. दुसऱ्या वेळी मी तिच्या हातून फोन घेतला आणि स्वतः मारला. तीन तारे. ती म्हणाली, "मला दाखव नं कसं केलं." दाखवायला वेळ कुठे होता. पाच मिनिटं उरली होती.

आम्ही हे सगळं कष्टाने शिकलो. आमच्या लहानपणी कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, कॅसेटमध्ये फुंकर मारून लावायचा. मग सायबर कॅफेत तासाच्या बोलीवर. घरी इंटरनेट लावलं की फोन बंद, आणि बाबा फॅक्टरीतून फोन करून थकायचे. आता कोणालाही उचलून फोन हातात देतात आणि तो स्वतःला खेळाडू समजतो. यात आई धरून सगळे आले.

१ सप्टेंबर, रविवार

हरलो. एका ताऱ्याने. विक्की आलाच नाही. दोन्ही हल्ले शिल्लक. दोन पूर्णांक सहाचा माणूस. त्याने एक जरी मारला असता तर आम्ही पहिल्या नंबरवर होतो.

सहा वाजून तीन मिनिटांनी मी त्याला क्लॅनमधून काढलं. चॅटमध्ये लिहिलं, "दो अटैक मिस। नियम सबके लिए एक है।" पूर्वीसारखी शांतता, बरं वाटलं.

आई म्हणाली, "त्याला विचारलंस का काय झालं?"

"क्लॅन आहे, धर्मशाळा नाही."

४ सप्टेंबर

आईकडे विक्कीचा नंबर होता. असणारच. रविवारी दोन वाजता त्याची आई अंगणात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. शहपुऱ्याहून गाडी करून इथे मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात आणलं. सोमवारी ऑपरेशन. तो तिथेच वॉर्डाबाहेर चादर टाकून राहतो आहे.

आईने सकाळी डबा केला आणि मला म्हणाली, सोडून देतोस का. माझी शिफ्ट होती. ती ऑटोने गेली, दोन तासांनी आली, आणि काल सुरू केलेला तिच्या गडाचा तोफखाना तसाच अर्धवट पडला आहे.

मी विचार केला. दोन वाजता पडल्या. हल्ले चार वाजता. शहपुऱ्याहून इथपर्यंत पूर्ण रस्ताभर नेटवर्क आहे. एक हल्ला तीन मिनिटांचा असतो.

७ सप्टेंबर

गणपती बसले. दरवर्षीसारखी छोटी मूर्ती. आईने आरती चालू असताना फोन लोटीला टेकवून ठेवला होता. मला वाटलं व्हिडिओवर नागपूरची ताई असेल. नंतर पाहिलं तर क्लॅन. नऊ लोक. अंजनीच्या मागे दुकानातली मशीन चालू होती. मी टाळ्या वाजवत त्यांच्यासमोर उभा होतो, बनियनवर.

८ सप्टेंबर, रविवार

एकोणतीस जणांनी खेळलो, एक जागा रिकामी म्हणून दंडाचे तारे गेले, हरलो. अंबरीशने चॅटमध्ये लिहिलं की विक्कीला परत घ्या, त्याला कारण होतं. मी लिहिलं, कारण सगळ्यांनाच असतं. त्याने लिहिलं, मग मत घेऊ. मी त्याचं उपप्रमुखपद काढलं. मत घेणारे लोक चार वर्षांत कुठे होते, मी रात्रंदिवस याद्या करत होतो तेव्हा?

९ सप्टेंबर

सकाळी उठून पाहिलं, सत्तावीस जण गेले. नवीन क्लॅन काढला आहे. नाव एमपी-२० परिवार. परिवार. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला परिवार म्हणणारी हीच जमात. विक्की त्यांच्यात आहे. प्रमुखाची जागा त्यांनी अजून भरलेली नाही, तिथे लिहिलं आहे, "शैलजा आंटी के लिए".

माझ्या क्लॅनमध्ये दोन मेंबर राहिले. भैरव आणि डमी३०.

"तू काहून नाही गेलीस?" मी विचारलं. "तुला तर बोलवून राहिले."

"हो, सकाळपासून बोलवून राहिले." ती नैवेद्याची खीर ढवळत होती. "तू एकटा कसा राहशील त्याच्यात?"

मी तिला समजावून सांगितलं की दोन माणसांना लीगच काय, साधी लढाईही खेळता येत नाही. तिच्या असण्याचा काडीचा उपयोग नाही. तांत्रिक गोष्ट आहे, तिला कळली नसावी. ती म्हणाली, "असू दे."

१५ सप्टेंबर, रविवार

चार वाजता दोघं आपापल्या खोलीत फोन घेऊन बसलो. लढाई नाही. सवयीने बसलो. माझा गड उघडा होता. पावणेपाचला खाली सूचना आली, डमी३० आपला गड पाहत आहे. मग गेली. मग परत आली.

१८ सप्टेंबर

नागपूरहून हर्षाताईचा फोन. ती कधी माझ्या फोनवर करत नाही.

"केतन, आईला मी जानेवारीपासून बोलवून राहिली," म्हणाली. "वरची खोली रंगवून ठेवली तिच्यासाठी. खाली भजनी मंडळ आहे, बाजूला बाग आहे. दर वेळी काही तरी सांगते."

"तिला जबलपूर सोडवत नाही ताई. नर्मदा आहे."

"आई घाटावर शेवटची कधी गेली, सांग बरं."

मला आठवेना. बाबांच्या अस्थी घेऊन गेलो होतो तेव्हा बहुतेक. त्याला तीन वर्षं होतात.

"नर्मदा नाही केतन," ताई म्हणाली. "ती म्हणते, मी गेले तर तो दिवसभरात एकाही माणसाशी बोलणार नाही."

मी म्हणालो, मी रोज दोनशे माणसांशी बोलतो. ताईने सुस्कारा सोडला. तिला आमच्या कामाची कल्पना नाही.

१९ सप्टेंबर

रात्री नीट झोप लागली नाही, ढगांमुळे उकडत होतं.

सकाळी साडेनऊला मी डमी३० ला क्लॅनमधून काढलं. खेळ विचारतो, कारण काय. यादीतून निवडायचं असतं: निष्क्रिय, गैरवर्तन, इतर. इतर निवडलं.

आई दारात आली, फोन हातात. "मला काढलंस का?"

"हो. तुझ्यामुळे क्लॅनची सरासरी खाली येते."

"दोघांचीच तर आहे सरासरी."

"तरी. तू त्या परिवारात जा. तिथे असलेच लोक आहेत."

ती उभीच होती. मी स्क्रीनकडे पाहत म्हणालो, "आणि ताईकडे राहून ये काही महिने. तू घरात असलीस की भांडी वाजतात, माझं कामात लक्ष लागत नाही."

"जेवणाचं काय करशील?"

"फोनमध्ये सगळं मिळतं."

ती आत आली. वाटलं रागावेल. तिने माझ्या डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी सरळ केला. तो सरळच होता.

२३ सप्टेंबर

भाऊजी काल गाडी घेऊन आले, आज सकाळी आईला घेऊन गेले. सिवनीच्या रस्त्याने पाच-सहा तास. आईने पोळ्यांचं पीठ कुठे, मिसळणाचा डबा कुठे, गॅसचं कार्ड कुठे, सगळं कागदावर लिहून फ्रिजला लावलं. मला वाचता येतं, सांगितलं असतं तरी चाललं असतं.

घरात शांतता आहे. कॉलमध्ये एकही भांडं वाजलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

परिवारची लढाई बाहेरून पाहिली. प्रमुख शैलजा. एकतीस ताऱ्यांनी हरले. एकतीस. मी असतो तर अर्ध्या लोकांना काढलं असतं. त्यांनी सहा वाजता कोणालाच काढलं नाही. सव्वासहाला परत पाहिलं, तरी एकोणतीसच्या एकोणतीस तिथेच. लोकांना लाज राहिलेली नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

अकरा वाजता बेल वाजली. मी कॉलवर एका बाईची कुकरच्या शिट्टीबद्दल माफी मागत होतो. दारात चाळिशीचा, बारीक माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं.

"केतन भैया? मैं विक्की। शहपुरा वाला।"

या माणसाचे चारशेच्या वर हल्ले मी पाहिले आहेत. उजवीकडून आत शिरतो, घाई करत नाही. चेहरा कधी पाहिला नव्हता.

"आज अम्मा का एक्सरे था," तो म्हणाला. "रिपोर्ट तीन बजे मिलेगी। आंटी जी ने बोला था, उतनी देर घर पे लिटा देना। अम्मा नीचे ऑटो में हैं।"

आईने नागपुरात बसून माझ्या घरी लोकांना बोलावलं, मला न विचारता. मी हे त्याला सांगणारच होतो, पण खाली ऑटोवाला हॉर्न देत होता, आणि शेजारचे जिन्यात आले असते. आमचा जिना उंच आहे. म्हातारीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी वर आणलं. मी मागून, तो पुढून. वजन काही नव्हतंच. वळणावर तिने माझी कॉलर घट्ट पकडली आणि वर येईपर्यंत सोडली नाही.

आईच्या पलंगावर झोपवलं. पाणी दिलं. तिने खोली पाहिली, मला पाहिलं. "ये कौन हैं?"

"अम्मा, केतन भैया। गेम वाले।"

"काए, वोई हैं जिनने तुझे निकाल दिया था?"

विक्कीचे कान लाल झाले. "अम्मा, छोड़ो वो बात।"

"पूछ रही हूँ बस।" ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. "काहे निकाला था भैया?"

असल्या प्रश्नांना माझ्याकडे तयार वाक्यं असतात. "दो अटैक छूट गए थे इसके," मी म्हणालो.

पंखा फिरत होता. हे मी आजपर्यंत टाइप केलं होतं, कोणाच्या समोर उभं राहून तोंडाने म्हटलं नव्हतं. ती ऐकत राहिली. पुढे काही आहे असं तिला वाटलं असावं. पुढे काही नव्हतं.

"किस दिन?" तिने विक्कीला विचारलं.

"जिस दिन तुम गिरी थीं।"

"हाँ, तो छूट गए होंगे," ती म्हणाली, आणि हळूहळू कूस बदलून डोळे मिटले.

मी माझ्या खोलीत येऊन हेडफोन लावला. पाच कॉल रांगेत होते. पहिल्याला मी नेहमीचं वाक्य म्हणायला गेलो आणि मधेच अडकलो. तो माणूस हॅलो हॅलो करत राहिला, मग त्याने फोन ठेवला. कंपनीला कळवलं की नेट गेलं आहे, आणि शिफ्ट बंद केली.

मग फ्रिजवरचा कागद पाहून खिचडी लावली. पाणी जास्त झालं. म्हातारीने दोनदा घेतली. विक्कीने भांडी घासली. मी नको म्हणत होतो, पण त्याने ऐकलं नाही. नळाशी उभं राहून सांगत होता, ऑपरेशननंतर दोन दिवसांनी माझी आई डबा घेऊन आली तेव्हा वॉर्डाबाहेर त्याच्याजवळ बसून तिने तासभर हल्ला कसा करायचा ते विचारलं. उजवीकडून काहून शिरतोस, घाई काहून नाही करत. "बोल रही थीं, केतन को टाइम नहीं मिलता समझाने का।"

मी ताटं पुसून जागेवर ठेवली.

तीन वाजता म्हातारीला परत खुर्चीत बसवून खाली नेलं. या वेळी कॉलर पकडली नाही, खांद्यावर हात ठेवला. ऑटोत नीट बसवल्यावर विक्की वळला. "भैया, संडे को आ जाओ ना। एक जगह खाली है।"

मी म्हणालो, "मेरा एवरेज तुम सब से बहुत ऊपर है। जमेगा नहीं।"

त्याने यावर खरोखर विचार केला. "चलेगा," म्हणाला. "हम लोग एडजस्ट कर लेंगे।"

मूर्ख माणूस आहे. एकतीस ताऱ्यांनी हरणाऱ्या लोकांनी माझ्याशी ॲडजस्ट करायचं. रविवारी चार वाजता आहे म्हणे. जाऊन पाहतो.